पावणेतीनचा फोन

शनिवारी रात्री साडेदहा वाजता तुम्ही काय करत असता? सिनेमा, बाणेरचं एखादं हॉटेल, मित्राच्या गच्चीवर टाइमपास... गेलाबाजार सोफ्यावर लोळत रिमोटशी चाळा. १७ सप्टेंबर २०२२ च्या शनिवारी रात्री साडेदहाला मी काय करत होतो सांगू? वाकडच्या फ्लॅटमध्ये बर्म्युडा आणि कंपनीचा जुना टी-शर्ट घालून डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. शेजारी थर्मासमध्ये कॉफी, मोबाइल चार्जिंगला, कानात हेडफोन. आयटीवाल्यांच्या भाषेत याला 'चेंज विंडो' म्हणतात. म्हणजे जगाने झोपायचं आणि आम्ही जगाच्या मशिन्स खोलून बसायचं.

संध्याकाळी कराडहून आईचा फोन येऊन गेला होता.

"आज पण जागरण का रे?"

"हो. एक अपग्रेड आहे. जुना सर्व्हर काढून नवा लावायचाय."

"अरे, पितृपक्षात नवीन काही सुरू करतात का?"

"आई, कॉम्प्युटरला पितर नसतात."

हे वाक्य मी फार ऐटीत टाकलं होतं, एवढंच नोंदवून पुढे जातो.

तर आधी थोडं टेक्निकल. घाबरू नका, लवकर आटपतो! पूर्वी कंपन्यांमध्ये एका कामाला एक सर्व्हर असायचा. ईमेलचा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा, हजेरीचा वेगळा. थोडक्यात, प्रत्येकाचा आपापला बंगला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बंगल्यातल्या निम्म्या खोल्या रिकाम्याच असतात. त्यापेक्षा अपार्टमेंट बांधू. एका दणकट मशीनमध्ये सॉफ्टवेअरच्या भिंती घालून पंधरा-वीस 'व्हर्च्युअल' मशिन्स राहायला लागली. बिल्डिंगला आम्ही होस्ट म्हणतो आणि फ्लॅटला व्हीएम. आता एवढ्या बिल्डिंगा झाल्या म्हणजे सोसायटी आली, आणि सोसायटी आली की सेक्रेटरी आलाच! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव व्हीसेंटर. २००३ मध्ये तो व्हर्च्युअलसेंटर या नावाने कामाला लागला. कोणता फ्लॅट कुठल्या बिल्डिंगमध्ये, कुणाला किती पाणी, कुणाच्या दाराला कुठली वायर, सगळा हिशेब त्याच्याकडे. एखादा फ्लॅट चालू गॅसवरच्या कुकरसकट या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये हलवायचं कामही तोच करतो. कुकरची शिटीसुद्धा चुकत नाही! नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उठून उभा राहिलो होतो. अजूनही मला ती जादूच वाटते.

आमचा क्लायंट चाकणचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, सहा होस्ट, ऐंशीच्या आसपास व्हीएम. त्यांचा व्हीसेंटर ६.७ चा होता आणि त्या आवृत्तीचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपत होता. त्याआधी ७ वर जायचं होतं. दसऱ्याच्या तोंडावर गाड्यांचा धंदा जोरात असतो, तेव्हा क्लायंट सर्व्हरला हात लावू देत नाही. म्हणून १७ सप्टेंबर.

मी लीड. माझ्या हाताखाली एक फ्रेशर मुलगी, सांगलीहून वर्क फ्रॉम होम करणारी. तिचं प्रोबेशन चालू होतं. अपग्रेडआधी तपासायच्या गोष्टींची एक्सेल शीट तिनेच बनवली होती आणि इमानेइतबारे एकेक ओळ भरत होती. शुक्रवारी दुपारी तिचा मेसेज आला, "सर, सहाही होस्टची घड्याळं बघू का?" मी तेव्हा कँटीनच्या रांगेत होतो. कूपन एका हातात, ट्रे दुसऱ्या हातात. अंगठ्याने टाइप केलं, "दोन बघ. बाकीचे सेमच आहेत." तिने दोन बघितले, सहा हिरव्या केल्या. तिच्या शीटच्या खाली 'तपासणार' म्हणून माझं नाव होतं. तेही हिरवं झालं.

अपग्रेडचा प्रकार दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात नवा सेक्रेटरी जुन्याच्या शेजारी तात्पुरत्या पत्त्यावर येऊन बसतो. दुसऱ्या टप्प्यात जुन्याच्या वह्या नव्याकडे जातात, जुना झोपतो आणि नवा त्याचं नाव, त्याचा पत्ता घेऊन खुर्चीत बसतो. पहिला टप्पा मस्त झाला. मी नव्याला चौथ्या होस्टवर बसवलं, कारण तिथे जागा मोकळी होती. पावणेबाराला दुसरा टप्पा सुरू. पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि मी फ्रेशरला माझ्या जुन्या अपग्रेडच्या शौर्यकथा ऐकवत होतो. ती "हो सर, हो सर" करत होती. बारा पंचावन्नला पट्टी थांबली. लाल अक्षरं आली. आणि खाली एकच बटण: 'बंद करा'.

पुन्हा प्रयत्न करा, मागे जा, असलं काही नाही. दुसरा टप्पा फसला की नवा सर्व्हर टाकून द्यायचा आणि सगळं पहिल्यापासून.

आता ऐका, यात घाबरण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. जुना सर्व्हर बंद होऊन जिथल्या तिथे पडलेला असतो, त्याच्या केसालाही धक्का लागलेला नसतो. नव्याला बंद करायचं, जुन्याला सुरू करायचं, खेळ खलास. माझ्याच प्लॅनमध्ये पान नऊवर हे लिहिलं होतं. मी काय केलं? आधी जुन्याला सुरू केलं. नवा चालूच! एका नावाचे, एका पत्त्याचे दोन सेक्रेटरी एकाच वेळी ऑफिसात. दोघंही "मीच तो" म्हणून भांडतायत आणि माझ्या पिंगला एकदा उत्तर येतंय, तीनदा येत नाहीये.

चूक लक्षात आल्यावर नव्याला बंद केलं. एवढ्यावर पाच मिनिटं गप्प बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण रात्रीचा सव्वा वाजलेला, कॉफीचा तिसरा मग पोटात, आणि जुना अजून वर येत नव्हता. (तो यायला वेळ लागतोच. दहा-पंधरा मिनिटं सहज. हे मला दिवसा बरोबर आठवतं.) मला वाटलं, याचं नेटवर्कच बिघडलं. होस्टवर थेट लॉगिन केलं आणि जुन्या सर्व्हरची नेटवर्कची वायर, म्हणजे व्हर्च्युअल वायर, एका जागेवरून काढून दुसरीकडे लावली. बघू तरी काय होतंय. काहीच झालं नाही. म्हणून ती परत पहिल्या जागी लावायला गेलो.

लागेना.

यादीत पहिली जागाच दिसेना! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथलं नेटवर्क 'डिस्ट्रिब्युटेड' प्रकारचं होतं. सहाही होस्टवर पसरलेला एकच मोठा स्विच. आणि त्या स्विचवर कुणाची वायर कुठल्या खाचेत लावायची, हे ठरवण्याचा अधिकार फक्त एकाला: व्हीसेंटरला. सुरू व्हायला व्हीसेंटरला नेटवर्क हवं, आणि नेटवर्क द्यायला व्हीसेंटर हवा. ऑफिसची किल्ली कपाटात ठेवून सेक्रेटरीने ऑफिसला कुलूप लावलं होतं, आणि किल्ली आत टाकणारा हात माझा होता. बॅकअप होता म्हणा. पण तो चढवायलाही नवा सर्व्हर उभा करावा लागतो आणि त्यालाही तीच वायर लागते.

यावेळी चाकणमध्ये काय चाललं होतं? सगळं. अक्षरशः सगळं! सेक्रेटरी गावाला गेला म्हणून नळाचं पाणी थांबत नाही. ऐंशीच्या ऐंशी व्हीएम नीट चालू होते. तिसऱ्या शिफ्टची हजेरी लागत होती, डिस्पॅचची लेबलं छापली जात होती. एखादा होस्ट बंद पडला असता तर त्याच्यावरचे व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करायची व्यवस्थासुद्धा होस्ट आपापसात सांभाळतात, त्याला व्हीसेंटर लागत नाही. बंद काय होतं? फ्लॅट हलवणं, नवी वायर जोडणं, आणि रात्री दोनचा बॅकअप. तो व्हीसेंटरला विचारूनच सुरू होतो. दोन वाजले आणि तो सुरू झाला नाही. याहून जास्त काही घडलं नाही.

आणि यातच खरी गोची होती. काहीतरी ठप्प झालं असतं तर फोन वाजले असते, लोक ओरडले असते, मीही सगळ्यांना उठवलं असतं. इथे कुणालाच काही कळलेलं नव्हतं. सहापर्यंत विंडो माझी होती. सहाच्या आत जमवलं तर सकाळी एक ओळीचा मेल: 'तांत्रिक कारणास्तव अपग्रेड पुढे ढकलण्यात येत आहे.' विषय बंद. जानेवारीत जर्मनीच्या ऑनसाइटसाठी माझं नाव चर्चेत होतं. सपोर्टला तातडीचं तिकीट टाकता आलं असतं, पण आमच्या सिस्टीममध्ये असं तिकीट टाकलं की मॅनेजरला आपोआप मेल जातो. नाही टाकलं. दीड वाजता फ्रेशरला म्हणालो, "तू झोप आता, मी बघतो." वरवर बघता काळजी! खरं कारण म्हणजे मला साक्षीदार नको होता. ती म्हणाली, "थांबते सर, मला झोप येणार नाही."

मग आम्ही दोघं वाचत बसलो. मार्ग होता. प्रत्येक होस्टला मागच्या बाजूने दोन खऱ्या वायरी येतात. त्या दोन्ही मोठ्या स्विचला जोडलेल्या. त्यातली एक काढायची, त्या होस्टपुरत्या साध्या स्विचला लावायची आणि जुन्या सर्व्हरला त्या साध्या स्विचवर बसवायचं. साध्या स्विचला कुणाची परवानगी लागत नाही. उरलेल्या एका वायरवर होस्टचा बाकीचा संसार चालतो. मात्र कुठली वायर काढतोय ते शंभर वेळा बघायचं. चुकलात तर होस्टच हातातून गेला, वर त्याच्यावरचे पंधरा व्हीएम. आणि दुसरी गोष्ट, त्या नेटवर्कचा व्हीलॅन नंबर अचूक हवा. पिनकोडसारखं असतं ते. नंबर चुकला की पत्र दुसऱ्याच गावाला.

आमच्या डॉक्युमेंटमध्ये दोन नंबर होते. एका पानावर २०, दुसऱ्या पानावर १२०. कुणीतरी कधीतरी कॉपी-पेस्ट केलेलं. (तुमच्या ऑफिसातही असं एक डॉक्युमेंट आहे. जाऊन बघा.) आधीच दोनदा अंदाजाने हात घालून झाला होता. तिसऱ्यांदा हिंमत होईना. खरा नंबर एकाच माणसाला माहीत होता: क्लायंटकडचे आयटी इनचार्ज. सगळे त्यांना काका म्हणतात. पस्तीस वर्षं त्याच कंपनीत, आधी मेंटेनन्सला, मग आयटीत. कॉम्प्युटरवर विश्वास नाही, सगळे नंबर एका लाल डायरीत.

पावणेतीनला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"काका, सॉरी, एवढ्या रात्री... जरा एक नंबर व्हेरिफाय करायचा होता. सर्व्हरच्या नेटवर्कचा."

"रात्री पावणेतीनला व्हेरिफाय?"

मी गप्प. पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज.

"काय मोडलंय?" काकांनी शांतपणे विचारलं.

मग सांगितलं. सगळं. लाल अक्षरं, दोन सेक्रेटरी, वायर, दोनचा बॅकअप. सांगताना माझ्या लक्षात आलं की हेडफोन कॉलवर फ्रेशर अजून आहे आणि ती सगळं ऐकतेय. ऐकू दे म्हटलं.

"माल निघतोय का?"

"हो. सगळं चालू आहे."

"मग घाई कसली? आमच्याकडे प्रेस बिघडली की आधी त्यावर लाल पाटी लागते, मग पाना हातात घ्यायचा. तू पाटी न लावताच आत हात घातलास होय?" खोकले. "थांब, डायरी आणतो. ती बाहेरच्या खोलीत आहे, बायको झोपलीय तिथे."

चार मिनिटांनी नंबर मिळाला. १२०. मी २० टाकणार होतो.

वायर काढायची वेळ आली तेव्हा साडेतीन झाले होते. फ्रेशर मोठ्याने वाचायची, मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवायचो, "दुसरी वायर, लिंक चालू, पहिलीही चालू, हा दुसरा होस्टच ना सर?" "हो दुसराच." एंटर दाबताना मला दहावीच्या रिझल्टच्या वेळी झालं होतं तसं पोटात झालं. होस्ट हलला नाही. व्हीएम चालूच. साधा स्विच, नंबर १२०, जुन्या सर्व्हरची वायर त्यावर. पिंग. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी... अखंड. लॉगिनचं पान यायला आणखी बारा मिनिटं. या बारा मिनिटांत मी कशालाही हात लावला नाही! दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, खोटं नाही सांगत. चार दहाला पान उघडलं. सहाही होस्ट आधी करडे, 'प्रतिसाद नाही'. मग एकेक करून जिवंत झाले.

पुढचं काम सरळ. सेक्रेटरी खुर्चीत बसल्यावर त्याच्याचकडून त्याची वायर परत मोठ्या स्विचवर लावून घेतली, काढलेली वायर जागच्या जागी, राहिलेला बॅकअप हाताने सुरू. शिवाय पुढच्या वेळेसाठी मोठ्या स्विचवर एक वेगळ्या प्रकारची जागा करून ठेवली. ही जागा व्हीसेंटर बंद असतानाही होस्टवरून थेट मिळते. ही सोय पहिल्यापासून उपलब्ध आहे आणि जाणते लोक ती पहिल्या दिवशीच करून ठेवतात. आम्ही पाच वाजून वीस मिनिटांनी केली. खाली दूधवाला आला होता.

रविवारी दुपारी दोनला उठलो तेव्हा फ्रेशरचे अकरा मेसेज. बाईसाहेब झोपल्याच नव्हत्या. फसलेल्या सर्व्हरची लॉग फाइल वाचत बसल्या होत्या. "सर, लॉगमधली वेळ मागची दिसतेय." मी अर्धवट झोपेत लिहिलं, "लॉग यूटीसीमध्ये असतो. साडेपाच तास मागेच दिसणार." तिचा मेसेज, "साडेपाच नाही सर. सहा पन्नास."

मी उठून बसलो. रात्री बारा पंचावन्न म्हणजे यूटीसीचे सात पंचवीस. लॉगमध्ये सहा पाच होते. नव्या सर्व्हरचं घड्याळ एक तास वीस मिनिटं मागे!

पुढचा धागा सापडायला अर्धा तास लागला. सर्व्हरने वेळ होस्टकडून घ्यायची असं जुनं सेटिंग होतं, तेच नव्याकडे आलं. नवा बसला होता चौथ्या होस्टवर. चौथ्या होस्टचा मदरबोर्ड जुलैत बदलला होता, तेव्हा वेळ कुणीतरी हाताने अंदाजे टाकलेली, आणि वेळ जुळवून घेणारी सर्व्हिस पुन्हा सुरूच केलेली नाही. व्हीसेंटर कंपनीच्या विंडोज डोमेनचा सभासद होता. तिथल्या ओळख पटवण्याच्या पद्धतीत घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर दारातूनच परत पाठवतात. नव्याला तसंच परत पाठवलं होतं. सॉफ्टवेअर बिचारं नियमाने वागलं. बघितलेले दोन होस्ट होते पहिला आणि दुसरा.

संध्याकाळी आईचा फोन. "झालं का रे तुझं नवीन?"

"नाही. जुनंच परत लावलं."

"बरं झालं. खीर केली होती, तू असतास तर..." आजोबांची तिथी त्याच आठवड्यात होती. विसरलो होतो मी.

मंगळवारी रिपोर्ट द्यायचा होता. 'मूळ कारण', 'जबाबदार घटक', 'पुढील उपाय' असे रकाने असलेला. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. माझ्या लग्नाच्या सुट्टीसाठी तोच वरच्यांशी भांडला होता. शीट समोर उघडी होती.

"हे बघ, सोपं आहे. शीट ट्रेनीने भरलीय. सहा टिक, प्रत्यक्षात दोन बघितले. लिहून टाकू, ट्रेनीकडून तपासणीत त्रुटी, ट्रेनिंग दिलं जाईल. क्लायंटला पटतं असलं. तिचं काही वाकडं होत नाही, फार तर प्रोबेशन तीन महिने वाढेल. तुझं जानेवारीचं मात्र आत्ता ठरतंय."

तुम्हाला वाटेल मी ताडकन उठून वगैरे काही बोललो. नाही. मी म्हणालो, "बघतो." आणि डेस्कवर येऊन त्या रकान्यासमोर पाऊण तास बसलो. 'तपासणीत त्रुटी' हे टाइपसुद्धा केलं. वाचायला खोटं वाटत नव्हतं, हीच त्याची खुबी होती. शीट तिनेच भरली होती. सहा टिक तिचेच होते. फक्त कँटीनच्या रांगेतला तो एक मेसेज रिपोर्टमध्ये कुठेच येत नव्हता.

फोन काढून तो मेसेज पुन्हा बघितला. 'दोन बघ. बाकीचे सेमच आहेत.' खाली तिचं उत्तर होतं, ते मी तेव्हा वाचलंही नव्हतं: 'ओके सर. पण चौथ्याचा बोर्ड बदललाय ना जुलैत?'

रिपोर्टमध्ये मी तीन ओळी लिहिल्या. दोनच होस्ट तपासायला मी सांगितलं. चौथ्याबद्दलची शंका मला कळवली होती, मी वाचली नाही. मागे येताना क्रम चुकला आणि नेटवर्क बदललं, तोही निर्णय माझा. मॅनेजरने वाचलं, चष्मा काढला, पुसला, घातला. "तुझी मर्जी," म्हणाला आणि फॉरवर्ड केलं. त्यानंतर चार-पाच दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं. जानेवारीत जर्मनीला दुसरा गेला. त्याचे बर्फातले फोटो मी लाइक केले. आतून जळत होतो, पण केले.

काकांनी मात्र रिपोर्टवर उत्तर पाठवलं, त्यांच्या पद्धतीचं: 'मिळाला. पुढची तारीख सांगा. डायरी उशाशी ठेवतो.'

पुढची तारीख होती ८ ऑक्टोबर, कोजागिरीच्या आदल्या दिवशीचा शनिवार. दसरा झाला होता, सपोर्ट संपायला आठवडा होता. रात्री दहालाच काकांना मेसेज टाकला, 'सुरू करतोय.' फ्रेशरने सहाही होस्टच्या वेळा वाचल्या, मी लिहून घेतल्या. पान नऊची प्रिंट काढून भिंतीला चिकटवली होती. पट्टी बारा पंचावन्नला जिथे अडकली होती तिथून पुढे सरकली तेव्हा दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. पावणेदोनला संपलं. इतकं कंटाळवाणं अपग्रेड मी आयुष्यात केलं नव्हतं. काय सुख होतं ते!

त्या ७ चा सपोर्टही २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याआधी ८ वर जायचं म्हणून पुन्हा तोच क्लायंट, पुन्हा तेच सहा होस्ट (दोन बदललेत). काका मधल्या काळात रिटायर झाले, लाल डायरी ऑफिसातच ठेवून गेले. यावेळी लीड ती होती. तारीख तिनेच काढली: १३ सप्टेंबर, शनिवार. मी कॅलेंडर बघून म्हटलं, "अगं, पितृपक्ष आहे."

"सर, कॉम्प्युटरला पितर नसतात असं तुम्हीच म्हणाला होतात."

हे तिला कधी सांगितलं होतं देव जाणे. रात्री दहाला कॉलवर आलो तर तिने काम वाटूनच ठेवलं होतं. मला एकच.

"सर, पहिल्या होस्टपासून वेळ वाचा. मी लिहून घेतेय. सेकंदासकट."

"सहाही?"

"सहाही."

मी चष्मा लावला आणि पहिल्या होस्टवर लॉगिन केलं.